पाळकसाहेबांची पोस्टकार्डं

माझं लग्न झालंच न्हाई, असा दाखला पाहिजे होता सासरच्यांना! आजही आठवलं की डोस्कं फिरतं माझं.

जालन्याला मी नर्स होते. नवरा हिंदू, तीर्थपुरीकडचा शेतकरी. त्याचा चुलता म्हणजे जिल्हा परिषदेवर निवडून आलेला पुढारी. लग्न चर्चमध्ये, कायद्यानं बराबर लागलं. तेव्हा निवडणूक तोंडावर होती, आमच्या ख्रिस्ती वस्तीची मतं हवी होती, म्हणून हा चुलता साक्षीदार होऊन मिरवत आल्ता. चर्चच्या नोंदवहीत झोकात सही ठोकली.

मतं मिळाली, गरज सरली. दोन वर्षांनी नवऱ्यानं मला तान्ह्या लेकीसकट माहेरी आणून सोडलं आणि नात्यातली पोरगी बघायला लागला. मी पोटगीसाठी कोर्टात गेले. मंग आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना चुलत्याचं पाकीट आलं. आत सगळं गोडगोड. असा विवाह आपल्याकडं नोंदलेला नाही, एवढं लिहून द्यावं. चर्चच्या जागेचा दावा अडकलाय, तो आम्ही बघून घेऊ. म्हणजे माझी लेक काय रस्त्यावर सापडली व्हती?

पाळकसाहेबांनी पत्र माझ्यापुढं ठेवलं.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"उत्तर देणार," म्हणाले, आणि पंधरा पैशांचं पोस्टकार्ड काढलं. लिहिलं: विवाह झाला आहे. साक्षीदार म्हणून आपलीच सही आहे.

पोस्टकार्ड! म्हणजे पोस्टमन वाचणार, हॉटेलात वाचणार, चुलत्याचा सगळा गाव वाचणार. चुलत्याची तीन पाकिटं आली, तिन्ही बंद. इकडून तीन कार्डं गेली, तिन्ही उघडी. शेवटच्या पाकिटात तर धमकीच होती. आमच्या चर्चचे पंच उलट पाळकसाहेबांवरच धावून गेले, "एका पोरीपायी जागा घालवता का?" जागा पुढं गेलीच. पण त्या पंचांवरचा माझा राग चुलत्यावरच्यापेक्षा जास्त आहे, आणि तो जाणार न्हाई.

तारखेला पाळकसाहेब नोंदवही काखेत मारून कोर्टात हजर. माझ्या वकिलानं साक्षीला आलेल्या चुलत्याला विचारलं, ही सही कुणाची? त्यानं टोपी काढली, घाम पुसला.

"माझीच."

बाहेर व्हरांड्यात चार लोक बघत होते, म्हणून हाच माणूस माझ्यापुढं हात जोडून उभा! "झालं गेलं विसर, सूनबाई. तू आमच्या घरचीच."

"असं तोंडी नको, मामंजी," मी म्हणाले. "कार्डावर लिहून पाठवा."

कार्ड काही आलं न्हाई.