काका आला का भुलतो

आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची. वडील भंडाऱ्यात शिक्षक. संध्याकाळी सभेहून परतले की त्यांच्या पिशवीत गुलाबी-पिवळ्या कागदांचा गठ्ठा असायचा, आणि मी वाचायला शिकले ते त्याच कागदांवर. म्हणून आजही कोणी फुकट काही दिलं की मी आधी तो कागद उलटा करून खाली कोणाचं नाव छापलंय ते बघते.

एमडी झाल्यावर बाल व किशोर मनोविकाराची फेलोशिप मिळाली, तेव्हाही मी तेच केलं. वर्षभराचं प्रशिक्षण होतं. दर मंगळवारी भंडाऱ्यातल्या एका दवाखान्यात मुलं तपासायची आणि दर शनिवारी संगणकाच्या पडद्यावर सरांपुढे केस मांडायची. सर मोठ्या शहरातले. आमच्या जिल्ह्यातली मुलं त्यांना एकाएकी कशाला हवी झाली, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून होता. तपासणीचे फॉर्म इंग्रजीत होते. आमच्या मुलांचं दुःख इंग्रजीत भरून नेमकं कुठे पाठवतात, असं मी पहिल्याच शनिवारी विचारलं. सर म्हणाले, "कुठेच नाही. माझ्या कपाटात पडतं." मला ते पटलं नाही.

एक नियम मात्र मला मनापासून आवडला. प्रत्येक मुलाशी थोडा वेळ एकट्यानं बोलायचं, मोठ्यांना बाहेर बसवून.

पावसाळा संपता संपता करडी गावाकडची एक मुलगी आली. तेरा वर्षांची, दोन महिने शाळेत गेलेली नव्हती. आई-वडील बांधकामाच्या कामावर दूर गेलेले, त्यामुळे ती काका-काकूकडे राहायची. सोबत आला होता तो काका. धानाची शेती, पांढरा शर्ट, आणि मुलीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार.

"नाव काय गं तुझं?" मी विचारलं. नाव त्यानं सांगितलं.

"शाळा का सोडलीस?"

"नाटक करते, मॅडम. हुशार हाय, पन नाटक करते."

मुलगी बोलता बोलता मधेच थांबायची. डोळे एका जागी लागायचे, पापण्या थरथरायच्या, आणि मग ती पुन्हा बोलू लागायची. असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा काका खुर्चीत हलला होता. मी ते टिपून ठेवलं.

त्याला बाहेर बसवलं. जाताना त्यानं दाराकडे दोनदा वळून पाहिलं. तेही मी टिपलं.

"घरी काय होतं?" मी विचारलं.

ती नखं कुरतडू लागली. मग, आमच्याकडे मुलीही 'मी जातो' म्हणतात तशी, म्हणाली, "काका आला का मी भुलतो."

"म्हणजे?"

"भुलून जातो ना, मॅडम. मंग काका लय रागावते."

यापुढे मी काही विचारलं नाही. इथेच माझं चुकलं, पण तेव्हा मला वाटलं की मी तिला जपते आहे. फॉर्ममध्ये फूस लावणे या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला आणि खाली रेघ ओढली. दुपारी बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या कार्यालयात फोन केला. संशय आला तर कळवायचं, हा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. गुरुवारी तिथल्या दोघी बाया शाळेत चौकशीला गेल्या.

शनिवारी मी केस मांडली. माझा आवाज चढला होता. अशा काकांना गाव कसं पाठीशी घालतं, यावरच मी पाच मिनिटं बोलले. सरांनी मधे अडवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "तिचं वाक्य सांगा. तिच्याच शब्दांत."

मी सांगितलं.

पडद्यावरच्या एका चौकोनात माझी गोंदियाची मैत्रीण होती, माझ्याच तुकडीतली. ती फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात धरला. सरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "सर, आमच्याकडे भुलते म्हणजे विसरते." मग माझ्याकडे वळून, "अवं बाई, भंडाऱ्याची ना तू? घरी 'दूध आनाले भुललो' म्हनत नाई का कोनी?"

म्हणतात. भाजीवाली म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, एसटीचा कंडक्टर म्हणतो. पण माझ्या डोक्यात तो शब्द पत्रकातून शिरला होता. भूलथापांना बळी पडू नका! प्रत्येक गठ्ठ्यात एक तरी कागद असं बजावायचा. भुलणारा नेहमी गरीब, भुलवणारा नेहमी लबाड. मुलीनं तिच्या बोलीत सांगितलं होतं आणि मी ते माझ्या छापील मराठीत ऐकलं होतं.

सर मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मधेच थांबते, पापण्या थरथरतात, आठवत नाही. तुम्हीच लिहिलंय सगळं." मीच ते वाचून दाखवलं होतं, पण मला ऐकूच आलं नव्हतं. ही फिट असू शकते, सर म्हणाले. अंग झटकत नाही, पडणं नाही, मूल फक्त काही क्षण नसतं. "कागदाची पट्टी द्या आणि तीन मिनिटं जोरजोरात फुंकायला लावा. फिट असेल तर बहुतेक दिसेल. आणि पाण्यापासून लांब ठेवायला सांगा."

मंगळवारी ती आली नाही. काकाचा फोन लागला तो एकदाच. त्यानं माझा आवाज ओळखला आणि बंद केला. करडीत घराघराजवळ पाणी आहे. धुणं घेऊन ती तलावावर गेली आणि तिथे तिचे ते काही क्षण आले तर? बुधवारी मी मोहाडीवरून करडी गाठली.

काकू दारात उभी होती. "कोन पायजे?"

"मी डॉक्टर. भंडाऱ्याहून."

"शाळंत बाया पाठवल्या त्या तुमीच ना?" तिनं पदर खोचला. "गावात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली. आता कायले आल्या?"

काका आतून आला. त्यानं बसा म्हटलं नाही. "बोला."

"मी चुकीचा अर्थ लावला," मी म्हणाले. "ती विसरते असं म्हणाली होती."

"मंग मले नसतं का इचारलं?"

"तुम्हाला नसतंच विचारलं. जिच्याबद्दल आहे तिला विचारायचं असतं. आजही तिला एकटीला विचारणार आहे, तुम्हाला राग आला तरी."

त्याला राग आला. काकू म्हणाली, "ह्या बाईले लाज नाई." पण मुलगी तोवर ओसरीवर आली होती. ती म्हणाली, "काका, तुमी गोठ्याकडं जा ना जरासक." तो गोठ्याकडे वळला. काकूही गेली.

मी या वेळी साधं विचारलं. कोणी नको तिथे हात लावतं का, कोणाची भीती वाटते का. ती म्हणाली, "तसं काई नाई, मॅडम. तुमाले काहून वाटलं तसं?" मी तिला खरं सांगितलं. ती विचित्र नजरेनं माझ्याकडे बघू लागली, आणि तसं बघण्याचा तिला पूर्ण हक्क होता. माझा संशय तरीही संपला नव्हता. मुलं पहिल्या खेपेला सगळं सांगत नाहीत.

"मग काका आला की काय होतं?"

"पाढे इचारते. मी भुलतो."

मी दोघांना बोलावलं. वहीचा कागद फाडून पट्टी तिच्या हातात दिली. ती फुंकू लागली. काकू पुटपुटली, "हे कायचं डाक्टरी?" पट्टी फडफडत होती. दीड-दोन मिनिटांनी ती थांबली. पट्टी सरळ खाली लोंबली. डोळे उघडे, पापण्या थरथरत्या. काकानं हाक मारली, दोनदा, नावानं. काही नाही. मग ती पुन्हा फुंकू लागली, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"हाक मारली ते ऐकलंस?" मी विचारलं.

"कवा?"

काका खाली बसला. "नाटक नाई हे?"

"नाही. हिला तलावावर एकटी पाठवू नका. मंगळवारी आणा, मेंदूचा आलेख काढू."

तो मातीकडे बघत म्हणाला, "मी मारलं ना इले. पाढ्यासाठी. पट्ट्यानं."

काकू म्हणाली, "गप राहा जी!" मुलगी म्हणाली, "रोज नाई मारत, मॅडम."

मी बॅगेतून कागद काढला. वाटेत मी माफीची वाक्यं जुळवत आले होते. ती मी बोललेच नाही. "हे मला लिहावं लागेल," मी म्हणाले. "तुम्ही कबूल केलंत म्हणून सुटणार नाही. पुन्हा बाया येतील."

"येऊ द्या," तो म्हणाला. "लिवा. पन पयले तिची दवाई लिवा."