सोडलेले अंबाडे

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. खात्यात मी बरीच वर्षं काढली, हवालदार होऊन निवृत्त झाले. चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, पंचनाम्याच्या वेळी प्रेताशेजारी उभी राहिले. त्यातलं फारसं काही मनात उरलं नाही. ही गोष्ट उरली, आणि हिच्यात तर कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवरा पोलिसांत शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. चारचौघांत बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते. नावं कोणाचीच घालणार नाही.

ऐंशी सालानंतरचे दिवस. विमानं पळवल्याच्या बातम्या पेपरात यायच्या. विमानतळावर बंदोबस्त वाढला, तेव्हा उपनगरातल्या ठाण्यांमधून आम्हा महिला शिपायांना तिकडे पाठवलं. बायकांची झडती पडद्याआड आम्ही घ्यायचो. एका बाजूच्या पडद्याआड मी असायची आणि शेजारच्या पडद्याआड एक नवीन पोर. मालवणकडची, वर्षभरापूर्वी भरती झालेली, अजून कायम न झालेली. बाप नव्हता. मावशीने वाढवलेली. मला ताई म्हणायची.

नवीन नियम आले, ते समजावून सांगायला मोठ्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना अंधेरीतल्या एका हॉलमध्ये बोलावलं. हॉलशेजारी गणपतीचा मांडव उभा राहत होता. साहेबांचा घसा बसलेला, म्हणून मंडळाचा माइक मागून घेतला. माइकवाल्याने तारा जोडल्या, समोर आवाजाचा खोका ठेवला, आवाज बघितला आणि तो चहाला गेला. साहेबांनी दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगितलं, पंखे लावले, दारावर शिपाई उभा केला. "ही माहिती या भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. काय समजलं?" प्रत्येक वाक्यानंतर 'काय समजलं' म्हणायची साहेबांची सवय होती, आणि त्याच्या आधी खोकायची.

पहाऱ्याच्या जागा, पाळी बदलायची वेळ, मोठं मशीन बंद पडलं तर काय करायचं, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग कागद खाली ठेवून ते बायकांच्या झडतीवर आले.

"आखातात आया म्हणून जातात ना, साध्या साडीतल्या, एकट्या, त्यांना अजिबात सोडायचं नाही. अंबाडे सोडायला लावा. यांच्या अंबाड्यात अख्खा संसार असतो! मोठ्या घरची बाई आली तर हातातलं मशीन फिरवा आणि जाऊ द्या. नाही तर तिच्या नवऱ्याचा फोन मला येतो. काय समजलं?"

आम्ही हसलो. साहेब विनोद करतात तेव्हा हॉलमध्ये कोण हसत नाही?

दोन-चार दिवसांत माझ्या पडद्याशी एक बाई आली, तिचे केस पाठीवर मोकळे होते. मला वाटलं, न्हाऊन आली असेल. तिच्या मागची आली, तिचेही मोकळे. मुठीत केसांचे आकडे धरलेले. मी म्हटलं, "हे काय?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही सोडायला सांगणारच. आम्हीच सोडून आलो." त्यानंतर उंची साडीतली एक बाई आली आणि तिने हात पसरले. "मला फक्त मशीन ना?"

हे वाढतच गेलं. आमच्या चाळीत नळावर एक शेजारीण सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, आज किती संसार उघडलेस?" बाया खो खो हसल्या. मी कळशी अर्धीच भरून घरात आले. रिक्षावाल्याने तर मला आमच्या पाळीची वेळ सांगितली. "बाई, घाई कशाला करता, तुमची पाळी बदलायला अजून वेळ आहे." मग संध्याकाळच्या एका पेपरात चार ओळी आल्या, विमानतळाच्या सुरक्षेची गुपितं भाजीबाजारात ऐकू येतात म्हणून. त्या चार ओळींनी धावपळ झाली. चौकशीला दुसऱ्या शाखेचे एक इन्स्पेक्टर आले.

त्यांना खबर मिळाली ती अशी, की हॉलच्या मागे नाल्यापलीकडे जी वस्ती आहे, तिथे ही माहिती लहानथोरांच्या तोंडी आहे. आणि त्या पोरीची मावशी त्याच वस्तीत राहत होती. शिवाय मावशी आया म्हणून आखातात जाणार होती. विसा आला होता, तिकीट आलं होतं. आता कोणालाही वाटेल, की गाठ सापडली. मलाही तसंच वाटलं.

बाईमाणसाची चौकशी करताना बाई हजर लागते, म्हणून मला खोलीत बसवलं.

"मावशीचा अंबाडा केवढा आहे?" इन्स्पेक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

पोर गोंधळली. "साहेब?"

"तिला सांगितलंस ना, अंबाड्यात काही ठेवू नकोस म्हणून?"

"नाही साहेब."

"जेवताना सहज बोलून गेली असशील."

"नाही साहेब. मी बराकीत राहते. गेलेच नाही तिच्याकडे."

"मग वस्तीला स्वप्न पडलं काय?"

इन्स्पेक्टरांनी तिच्यासाठी चहा मागवला. चहा मागवला की समजायचं, आता साहेब गोड बोलणार. "हे बघ, चूक सगळ्यांकडून होते. लिहून दे, अनवधानाने बोलले म्हणून. लहानशी शिक्षा होईल. नाही दिलंस तर तू अजून कायम नाहीस, घरी जाशील. आणि मावशीचं जाणंही मी अडवू शकतो."

इतकी वर्षं मी चौकशा पाहिल्या. खोटं बोलणारा माणूस दमत नाही, त्याची तयारी असते. खरं बोलणाऱ्याकडे सांगायला एकच वाक्य असतं, ते सांगून सांगून तो दमतो आणि मग म्हणाल त्याला होय म्हणतो. पोरीने चहाला हात लावला नाही. मावशीचं नाव निघालं तशी तिने मान हलवली आणि म्हणाली, "द्या साहेब, कुठे सही करू?"

मी साहेब लोकांसमोर कधी तोंड उघडलेलं नव्हतं. तेव्हा कसं उघडलं कोण जाणे. म्हणाले, "साहेब, सहीच्या आधी मावशीला विचारू या का? दोघींचं जुळलं तर तुमचंही काम पक्कं होईल."

त्यांनी माझ्याकडे खुर्चीच बोलल्यासारखं पाहिलं. पण पक्कं काम कोणाला नको असतं! आम्ही तिघं जीपने वस्तीत गेलो. पोरीला जीपमध्येच बसवलं.

मावशी दारात सुकट निवडत होती. गिरणी बंद पडल्यापासून नवरा घरीच, तो आत झोपलेला. पोलीस बघून ती उभी राहिली. हात ओच्याला पुसले.

"झडतीत अंबाडे सोडतात हे तुला कोणी सांगितलं?" इन्स्पेक्टरांनी दरडावलं. "भाचीने ना? खोटं बोललीस तर विमानात पाय ठेवू देणार नाही."

ती घाबरली. पण भाचीचं नाव ऐकताच तिचा आवाज चढला. "तिचा नाव घेव नको सायबा! तिना माका काय एक सांगूक नाय. महिनो झालो, तिचा त्वांड बघूक नाय मी."

"मग कोणी सांगितलं?"

"कोणी म्हंजे? तुमच्या सायबान!"

"कुठल्या साहेबाने?"

तेव्हा त्या बाईने पदर खोचला, घशात खोकली आणि मोठ्या साहेबांचा बसलेला आवाज काढून म्हणाली, "यांच्या अंबाड्यात अख्खा संसार असतो! काय समजलं?" आजूबाजूच्या दारांत उभ्या असलेल्या बाया हसू लागल्या. आवाज हुबेहूब होता. माझ्या अंगावर काटा आला, कारण ते वाक्य कुठल्याही कागदावर नव्हतं. आणि तो खोकला कोणी कोणाला सांगत नाही. तो ऐकावाच लागतो.

इन्स्पेक्टरांचा आवाज उतरला. "हे तू ऐकलंस कुठे?"

मावशीने बोट वर केलं. नाल्याकडेच्या खांबावर मंडळाचा भोंगा बांधलेला होता, तोंड वस्तीकडे करून. "थयसून. अख्ख्या वाडीन आयकला. तुमीच लावललो मां?"

शेजारचा एक म्हातारा पुढे आला. "आम्हाला वाटलं, पोलिसांनी लोकांना माहिती व्हावी म्हणून कार्यक्रम ठेवलाय. मी रेडिओ बंद करून ऐकला."

माइकवाल्याने खोक्याबरोबर बाहेरचे भोंगेही जोडून ठेवले होते, एवढीच ती केस. दारं-खिडक्या बंद, पंखे चालू, खोका समोर, त्यामुळे आम्हाला आत काही कळलं नाही. दारावरच्या शिपायाला इन्स्पेक्टरांनी नंतर विचारलं. तो म्हणाला, "आवाज आला होता साहेब, पण गणपतीच्या दिवसांत भोंगा कधी बंद असतो?"

इन्स्पेक्टर जीपकडे वळले तेव्हा मावशी माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "बाय, सायब बोललो ता बोललो. पण मागसून तुमी हासलास, ता पण आयकाक इला." जीपमध्ये बसले तेव्हा पोरीने विचारलं, "काय झालं ताई?" मी म्हटलं, "तू सुटलीस." मला तिच्याकडे बघवेना.

पुढे जोडणीतली चूक असा शेरा मारून प्रकरण मिटवलं. पहाऱ्याच्या जागा बदलल्या, पाळीच्या वेळा बदलल्या. जे जे फुटलं होतं ते सगळं बदललं, असं वर कळवलं गेलं. अंबाड्यांचं कागदावर नव्हतंच, मग ते बदलणार कोण?

मावशी निघाली त्या दिवशी आम्हा दोघींची पाळी होती. तीही केस सोडूनच रांगेत उभी होती. तिच्या पुढच्या रेशमी साडीतल्या बाईचा अंबाडा फुलांसकट जागच्या जागी. नात्यातल्या माणसाची झडती आपण घ्यायची नाही, हा नियम, म्हणून मावशी माझ्या पडद्याआड आली.

मी म्हटलं, "राहू दे मावशी."

"राहू दे कित्याक? बघ. उद्या कोण म्हणात, भाचयेन सोडल्यान. तिची नोकरी जायत."

मी पाहिलं. तिच्या केसांत खोबरेल तेलाचा वास होता, दुसरं काही नव्हतं. तिने मूठ उघडून आकडे दातांत धरले आणि अंबाडा घालायला लागली. पण आरसा नाही, मागे लोकांची घाई, केस पुन्हा पुन्हा सुटत होते. तेवढ्यात पलीकडचा पडदा सरकवून पोर आली. काही बोलली नाही. मावशीच्या दातांतले आकडे काढून घेतले, केस हातात गुंडाळले आणि अंबाडा बांधू लागली. बाहेर रांग कुरकुरायला लागली. कोणीतरी ओरडलं, "अहो बाई, किती वेळ?"

"घट्ट बांध गो," मावशी म्हणाली. "दोन वर्सांनी येतलंय."

ती गेली तशी पोरीने डोळे पुसले आणि जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली. तिच्या पडद्याशी आलेली पुढची बाई मोठ्या घरची होती, हातातलं पाकीट पुढे करून हसत होती. पोर शांतपणे म्हणाली, "अंबाडा सोडा." बाईने आवाज चढवला. पोर पुन्हा म्हणाली, "सोडा. मी बांधून देईन." त्या दिवसापासून तिच्या पडद्याआड सगळ्यांचे अंबाडे सुटले, आणि माझ्याही. मोठ्या साहेबांना फोन आले असणार. त्यांनी आम्हाला कधी विचारलं नाही.

पहाऱ्याच्या जागा लोकांना कळल्या, त्या आम्ही एका दिवसात बदलल्या. आम्ही त्यांच्याबद्दल काय समजतो हेही त्यांना कळलं, ते मात्र परत घेता येत नाही. एवढं मी या केसमधून शिकले. निवृत्त होईपर्यंत माझ्या पिशवीत आकड्यांचं एक पाकीट असायचं. ज्या बाईचे केस सोडायला लावले, तिचा अंबाडा मी बांधून दिला. बऱ्याच जणी नको म्हणायच्या. मी तरी बांधायची.

कोणी हसलं की मात्र मी अजूनही आधी वर बघते, खांबावर भोंगा तर नाही ना.