टाकीमागची अंबाडी

मी एकदा अंबाडीच्या भाजीला पोलिसांच्या ताब्यात दिलं होतं. हसा. आमच्या घरात हा विषय निघाला की सगळे हसतात, आणि सगळ्यांत आधी मीच हसते, म्हणजे पुढचं कोणी विचारत नाही. ते पुढचं आज लिहिते.

तेव्हा माझी साठी नुकतीच उलटली होती आणि महिला मंडळाचं अध्यक्षपद माझ्या अंगात आलं होतं. अंगात येणं म्हणजे काय हे जोतिबाच्या डोंगरावर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तिथल्या बायकांचं थोड्या वेळानं उतरतं तरी. माझं उतरेना.

कसबा बावड्यातल्या आमच्या इमारतीत गणपतीत काही ना काही कार्यक्रम असतो. त्या वर्षी पोरांनी वादविवाद ठेवला. विषय, गांजावरची बंदी उठवावी का? उठवा म्हणणाऱ्यांत माझी नात होती, नुकतीच वकिली शिकायला लागलेली. उठवू नका म्हणणाऱ्यांची पुढारी अर्थातच मी.

नात औषधाबद्दल बोलली, दुखण्यानं तळमळणाऱ्या माणसांबद्दल बोलली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आज्जी, कायदा सगळ्यांना सारखा लिहिलेला असतो गं. पण पोलीस आधी जातात ते ज्याच्या मागं कोणी नाही त्याच्या दारात.”

यावर मी काय बोलावं? पदर खोचला, माईक हातात घेतला आणि म्हणाले, “शिरोळात माझ्या माहेरी एवढी शेती, पण आमच्या पिढीनं हे झाड डोळ्यांनी पाहिलेलं नाही! आणि आता कुठं दिसलं, तर मी स्वतः पोलिसांना फोन करीन. मग ते कुणाचं का असेना!”

टाळ्याच टाळ्या. पहिलं बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. अजून त्यात डाळ भरते.

बोलले ते धादांत खोटं होतं. आमच्या गोठ्यामागं त्याचं एक झाड असायचंच. बैलाला हगवण लागली की वडील त्याची पानं गुळात घालून चारायचे, आणि गूळ आणून द्यायचं काम माझं. वर थोडा गूळ माझ्या तोंडात. पण टाळ्या वाजायला लागल्यावर ही गोष्ट कोण सांगतं?

गणपती गेले, मांडव उतरला. मी आपली नजर ठेवून. एका सकाळी टाकीचं पाणी बघायला गच्चीवर गेले, तर टाकीमागं तेलाच्या कापलेल्या डब्यात ते उभं! माझ्या खांद्याएवढं उंच, हाताच्या पंजासारखी पानं, कडेला करवतीचे दात. कार्यक्रमाच्या फलकावर पोरांनी छापलेलं चित्र मोबाइलमध्ये होतंच. चित्र धरलं, पान धरलं. जुळलं.

डबा वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा होता. एक नर्स आणि तिची आई, दोघी निपाणीकडच्या. नर्स रात्रपाळी करून सकाळी यायची, लाल डोळ्यांनी. रात्रभर जागलेल्या माणसाचे डोळे लालच असणार, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. अध्यक्षबाईंना कळलं ते वेगळंच. टाकीमागं लपवलंय, डोळे लाल आहेत, झालं की! एक जिना उतरून “बाई गं, हे काय लावलंयस?” एवढं विचारायचं होतं. मी तिथूनच चौकीला फोन लावला.

दोन पोलीस आले. त्यांच्या मागून अख्खी इमारत गच्चीवर. नर्सला झोपेतून उठवून आणलं. गाऊनवर टॉवेल घेतलेला, केस विस्कटलेले, काय चाललंय ते तिला समजेना. आई जिन्याच्या दारात उभी राहून सांगत होती, “भाजी हाय ओ साहेब. भाजीच हाय. घरनं बी आणून लावलंय. वाऱ्यानं मोडतंय म्हणून टाकीच्या आडाला ठेवलंय.”

“सगळी भाजीच म्हणत्यात, मावशी,” पोलीस म्हणाला.

“मग खाऊन बघा की!”

“मला खायला लावतीस व्हय? ड्युटीवर हाय मी!”

लोक हसले. मीही हसले. पोलीस फोनवर साहेबांशी बोलायला बाजूला गेला आणि मी ऐटीत झाडापाशी जाऊन उभी राहिले, बक्षिसाच्या डब्याशेजारी उभं राहावं तशी. उभ्या उभ्या एक कोवळं पान खुडलं आणि तोंडात टाकलं. का टाकलं, विचारू नका. शिरोळात बांधावरून शाळेला जाताना हाताला लागेल ते पान खायची सवय. हाताला सवय असते, त्याला अध्यक्षपदाचं काय?

आंबट. असं आंबट, की कानाच्या मुळाशी कळ आली आणि तोंडात पाणी जमलं. मग बोटांनाही कळलं. देठाला बारीक काटे होते, खोडावर लाली होती. लसूण घालून, वरून कच्चं तेल ओतून, भाकरीबरोबर मी जन्मभर खाल्लेली अंबाडी माझ्यासमोर उभी होती. गांजाही ओळखणारी आणि अंबाडीही ओळखणारी त्या गच्चीवर बहुधा मी एकटीच होते. फसले ती मी.

त्या वेळी बोलले असते तर ही नुसती हसायची गोष्ट राहिली असती. “अगं बाई, ही तर अंबाडी!” म्हणायचं, कपाळावर हात मारून घ्यायचा, झालं. पण मंडळाच्या बायका बघत होत्या. नात बघत होती. दोन-चार जण मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. मी पान चावलं आणि गिळलं. पुरावाच गिळला म्हणा. पोलिसांनी झाड मुळासकट उपटून पोत्यात घातलं आणि नर्सला चौकीवर नेलं. मी बाजूला सरून त्यांना वाट करून दिली.

दुपार कलल्यावर ती परत आली. चौकीत कुणीतरी पोतं उघडून पाहिलं आणि हसत सुटलं म्हणे. सोडलं तिला. पण तोवर घरमालकाला कुणीतरी कळवलं होतं, आणि त्यानं महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली. मी त्याला फोन केला. म्हटलं, अहो, ती अंबाडी होती, भाजी होती. तो म्हणाला, “ते ठीक आहे ओ काकू. पण पोलीस आलते न्हवं?” आणले कुणी होते?

गांजा दुकानात मांडून विकावा असं मला आजही वाटत नाही. तालमीतलं एक चांगलं पोर त्यापायी वाया गेलेलं मी पाहिलंय. नातीशी अजून वाद होतो. पण ज्याच्या मागं कोणी नाही त्याच्या दारात, हे तिचं वाक्य आलं की मी उठते आणि चहा टाकते. तीही मग ते वाक्य पुढं नेत नाही. शहाणी आहे.

त्या दोघी निघाल्या त्या दिवशी खाली टेम्पो लागला होता. नर्स गाद्या चढवत होती. आई जिन्याच्या पायरीवर बोचकं घेऊन बसली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. घरात चार वेळा म्हणून पाहिलेलं वाक्य म्हटलं, “ताई, चूक झाली माझी. दिसायला अगदी सारखंच हो ते. कळलंच नाही मला.”

तिनं बोचक्याची गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली. आवाज चढवला नाही. म्हणाली,

“अक्का, तुमी पान तोंडात टाकलासा ते मी दारातनं बघितलं हुतं. तोंडाला पाणी सुटलं तुमच्या, तेबी बघितलं. म्हटलं, आता बोलशीला, आता बोलशीला.”