डब्ब्यातला पलंग

आमच्या कॅराव्हॅनला बायको डब्बा म्हणते. जीपच्या मागे जोडून ओढायचा; आत दोन माणसांपुरता पलंग, ओटा, कपाटं, सगळं भिंतीला ठोकून बसवलेलं. जंगलाच्या कडेचं एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथून मी तो घासाघीस करून उचलला. मी कनकीच्या, म्हणजे तुकडा तांदळाच्या, धंद्यात स्वतःच्या जिवावर उभा राहिलेला माणूस. भाव पाडणं मला शिकवावं लागत नाही. मालकाला रडवून आणलाय, हे आमच्या गावात, कुडव्यात, चहाच्या टपरीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं.

का घेतला ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. माझी सासुरवाडी कोहमाऱ्याच्या पलीकडे. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा सगळे जावई जमतात. थोरला जावई मास्तर, त्याला आतली खोली. मला ओसरीवर खाट, दरवर्षी. पोत्यांचा धंदा करणाऱ्याला ओसरी पुरते, असंच त्यांना वाटत असणार. यंदा आपलं घर आपणच ओढत न्यायचं, असं मी ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी पलंगाखालच्या पेटीचं झाकण उघडलं, तर बिजागरी हातातच आली. स्क्रूच्या भोकातून भुसा गळला. वरून लाकडाच्या रंगाचा गुळगुळीत कागद आणि आत दाबलेला भुसा, तोही पाणी पिऊन फुगलेला. फळ्या नुसत्या पिनांनी टोचलेल्या. म्हणजे तो मालक रडला नव्हताच, मीच फसलो होतो.

मी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. गोदामातून कनकीचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, आणले आणि पलंगाखाली ठासून भरले. कट्ट्यांच्या थप्पीवर हमाल चढून नाचतात, मग पलंगाचं काय!

पण गोदाम रस्त्यावरून धावत नाही. धक्क्यांनी कनकी खाली बसली, कट्टे चपटले आणि पलंगाखाली वीतभर पोकळी झाली. सासरच्या अंगणात डब्ब्याचं दार उघडलं, तेव्हा अख्खं घर बघायला जमलं होतं. बायकोला केवढं कौतुक! "या नं, अंदर या," म्हणत ती पलंगावर टेकली, आणि खालून कर्रर्र झालं.

"ऊठ! मोडून टाकशील!" मी ओरडलो.

मास्तर दारातूनच म्हणाला, "साडभाऊ, वजन करूनच बायको आणा लागत होती."

सगळे हसले. बायकोही हसली, पदर सारखा करत म्हणाली, "मीच जाडी झाली आता." पलंग कच्चा आहे, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. त्याऐवजी मी मास्तरावर डोळे वटारले आणि तणतणत मंडईत निघून गेलो.

मी परत आलो तर सासऱ्यांनी जेवायला वाढून ठेवलं होतं. झोपताना पलंग दगडासारखा घट्ट लागला. कट्टे पुन्हा जागेवर बसले असतील, असं म्हणून मी माझ्याच अकलेवर खूश झालो.

घरी येऊन कट्टे काढले, तेव्हा मागे दोन लाकडं दिसली. बैलगाडीच्या कडेला उभ्या रोवतात त्या उभाऱ्या, मापात कापून टेकू दिलेल्या. फळी खरचटू नये म्हणून वर पोत्याची घडीसुद्धा ठेवली होती.

"हे कोणं केलं?"

"माह्या भावानं. तुमी मंडईत गेले तवा."

"त्याले कसं समजलं?"

"मीच सांगितली. कट्टे ठासताना पायलं होतं तुमाले. बाबा म्हणे, जवाईबापूले कळू देऊ नोका, वाईट वाटन त्याईले."

"म्हणजे तुले माहीत होतं? तं तवाच काऊन नाही बोलली?"

"काय बोलू जी? तुमी साऱ्या कुडव्यात सांगून राहिले, मालकाले रडवलं म्हणून. त्याच्यापरीस मी जाडी बरी."

मी ती पोत्याची घडी झटकून पुन्हा नीट घातली. ओसरीचा राग अजून आहे. एकदा तरी आतली खोली द्यायला हवी होती, हे मी आजही म्हणेन. पण त्याच लोकांनी माझी अब्रू माझ्या नकळत टेकू लावून धरली, आणि ती सांभाळायला माझी बायको सगळ्यांसमोर स्वतःचं हसं करून घेत उभी राहिली.

फुगलेली फळी उचकटून फेकली. सागाच्या पट्ट्यांची चौकट केली. स्क्रू उरलेल्या फळ्यांच्या भुशात धरत नाही, म्हणून आरपार नट-बोल्ट घातले, दोन्हीकडून रुंद वायसर लावले, कोपऱ्यांना लोखंडी अँगल दिले. मधला पाय थेट खालच्या लोखंडी सांगाड्यावर टेकवला. उभाऱ्या पुसून जीपमध्ये ठेवल्या. त्या मीच नेऊन देणार आहे, मास्तर असेल तेव्हा, आणि पलंग कुणामुळे कर्रर्र वाजला ते सांगून.

सगळं झाल्यावर मी पलंगावर लोळलो, उड्या मारल्या. मग बायकोला हाक मारली.

ती आली. हात पदराला पुसत दारातच थांबली. माझ्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं.

"बसू?" तिनं विचारलं.

आमच्या एवढ्या संसारात तिनं बसायची परवानगी कधी मागितली नव्हती. मी बाजूला सरकून तिला जागा केली.