भाऊबीजेचं फाटक

नेरळच्या पोपट रंगाऱ्याचा भांग ज्याने बघितला नाही, त्याने काय बघितलं! बंडीवर दहा रंगांचे शिंतोडे, पण भांग असा की माथेरानचे सगळे बंगले याच्याच बापाचे. तिथे तो रंग लावायला जायचा, एवढंच. खाली आला की सांगायचा, "औंदा आमच्या बंगल्याला हिरवा देतोय." ऐकणारे त्याला चहा पाजायचे. एका चहात एवढं नाटक दुसरीकडे कुठे मिळणार?

लढाईच्या त्या वर्षांत बाजारात रंग मिळेना. अशात एका जुन्या बंगल्याच्या पडवीचं फाटक रंगवता येईना म्हणून मालकाने काढून टाकलं. कमरेएवढं, नक्षीदार, पांढरं. पोपटाने ते मागून घेतलं, डोक्यावर घेऊन डोंगराखाली आणलं आणि भाऊबीजेला शेलूला, बहिणीच्या ओटीला बसवून दिलं. तिचा पदू नुकता उभा राहायला लागला होता, तो अंगणात पडू नये म्हणून. अख्खं शेलू बघायला लोटलं. लुगडं घेऊन आलेले इतर घरांतले भाऊ त्या दिवशी मागल्या दाराने गेले म्हणतात. मी निम्मंच खरं मानतो.

"दादा, सायबाच्या घरची शोभा आणलीस रं," इंदूबाई म्हणाली. मेहुणा मालोजी तर दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्याला फाटकाशी थांबवून "कोन हाय?" विचारायला लागला. कोण ते समोर धडधडीत दिसत असायचं.

माघात मालोजीचं वासरू गेलं. ते त्या फाटकापाशीच बांधलेलं असायचं. आधी त्याला दिसेनासं झालं, मग दात खात भिंतीला डोकं लावून उभं राहिलं आणि शेवटी तडफडून संपलं. गावाला कारण सापडायला वेळ लागला नाही. समोरची गोदूबाई! म्हातारी येताजाता वासराला "किती गं गोजिरं" म्हणायची, तिचीच नजर. इंदूबाईने पदूला तिच्या मांडीवर द्यायचं बंद केलं. म्हातारी आपल्या दारातून लांबूनच टाळ्या वाजवायची. पोर हसलं की इंदूबाई त्याला उचलून आत न्यायची.

पोपट वासराची हळहळ करायला आला आणि फाटक बघून गार झाला. बाहेरच्या बाजूने रंगाचे पापुद्रे चाटून चाटून लाकूड उघडं पडलं होतं. आतल्या बाजूला, मधल्या पट्टीवर, बारीक बारीक दातांचे ओरखडे. पदूला दात येत होते. ती पट्टी नेमकी त्याच्या तोंडाशी यायची.

जुन्या पांढऱ्या रंगात शिशाचा सफेदा असतो, चवीला गोडसर, हे पोपटाला ठाऊक होतं. हात धुतल्याबिगर भाकरीला शिवू नको, असं उस्तादाने बजावलं होतं. एकदा तो विसरला, तर पोटात असा पीळ पडला की जमिनीवर लोळला. तेच विष त्याने नक्षीसकट बहिणीच्या दारात आणून बसवलं होतं.

पण गावभर मिरवलेली ओवाळणी! पोपट चहा पिऊन गुपचूप परत गेला. नेरळात चार ठिकाणी गप्पा मारायचा तो आता एका ठिकाणीही थांबेना. भांगही वाकडा पडायला लागला, हे मी स्वतः बघितलं.

शिमग्याच्या सुमारास तो पुन्हा आला. "रंग उडालाय, नवा देतो," म्हणाला आणि लोखंडी पत्रीने जुना रंग खरवडायला बसला. कोरडाच. पांढरी भुकटी उडून अंथरुणावर बसली, पाण्याच्या हंड्यावर बसली. तो झाडायला गेला तशी आणखी उडाली. पदू त्या भुकटीतूनच रांगत आला, मामाला पांढरे तळवे दाखवले आणि बोटं तोंडात घातली.

पोर आधीच मलूल झालं होतं. जेवत नव्हतं, पोट धरून रडायचं.

"बघ ना दादा," इंदूबाई म्हणाली, "त्या म्हातारीनं आता माज्या पोराला धरलंय."

"म्हातारी नाय गं, मी!" पोपट ओरडला. "हा रंग ईख हाय. वासरू यानंच मेलं."

"तुला कदी कळलं?" मालोजीने विचारलं.

"वासरू गेलं तवा."

"आनि आज सांगतोस?"

पोपटाने पत्री खाली टाकली. समोरून गोदूबाई पदर खोचत आली. "भांडान मागनं करा रं! पोराचं तोंड-हात धुवा आदी." तिने पदूला उचललं. इंदूबाई तिला अडवायला गेली नाही. पाण्याचा हंडाच तेवढा ओतून दिला आणि विहिरीवर पळाली.

फाटक डोक्यावर घेऊन पोपट गावातून निघाला, तेव्हाही अख्खं गाव बघायला दाराबाहेर आलं. "काय रं, ओवाळणी परत?" असं जो जो विचारी, त्याला त्याला तो थांबून सगळं सांगे. विहिरींपासून लांब, माळावर त्याने ते पुरलं. जाळलं नाही, धूरही वाईट म्हणून.

कर्जतच्या डॉक्टरने दूध द्या, रंगापासून लांब ठेवा म्हणून सांगितलं. पदू हळूहळू सावरला, पण बोलायला फार उशीर झाला. तो रंगाने की उपजत, कोण सांगणार? पोपट दर खेपेला समोर बसून म्हणायचा, "म्हन रं, मामा." पोर नुसतं बघायचं. इंदूबाई म्हणायची, "पुरे दादा, बोलंल तो." तरी पोपट उठायचा नाही.