काळ्या पट्टीखालचं नाव

थोरा क्लाउस्टनच्या पायाला जन्मापासून भिंगरी. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की ही हळूच उठायची आणि बाहेर गाड्यांचे दिवे कुणी चालू ठेवलेत का ते बघून यायची. अशा बाईला आमच्या बेटावरच्या कौन्सिलनं काम कुठलं द्यावं? तर दिवसभर खुर्चीत बसून, लोकांनी माहितीच्या अधिकारात मागितलेले कागद शोधून देण्याचं! सरकारी डोकं, दुसरं काय.

पण काम चोख करायची. बेट केवढंसं, अर्ज करणारा आणि अर्ज हाताळणारा एकाच दुकानात दूध घेतात. "माझ्या अर्जाचं काय झालं गं?" असं बटाट्यांच्या टोपलीशी कुणी विचारलं, की थोरा म्हणायची, "लेखी कळवू हं," आणि दोघंही हसायची.

जेम्सिना हेडल यांचा अर्ज आला तेव्हा हसू पळालं. मिसेस हेडल म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातल्या. अर्धं बेट त्यांच्या हातचं जेवून मोठं झालेलं, म्हणून पन्नाशीची थोरासुद्धा त्यांना मिसेस हेडलच म्हणायची. उत्तरेच्या धक्क्यावरचा कठडा मोडलाय, दुरुस्त करा, अशी पत्रं त्या दोन वर्षं कौन्सिलला लिहीत होत्या. गेल्या हिवाळ्यात त्यांचा नवरा डेव्ही होडीचे दोर बघायला गेला आणि त्याच जागेवरून पाण्यात पडला. तिसऱ्या दिवशी सापडला. कौन्सिलनं सांत्वनाचं पत्र पाठवलं, त्यात एक वाक्य होतं: धोका इतका गंभीर असल्याचं आम्हाला स्पष्टपणे कळवण्यात आलं नव्हतं.

आणि आता अर्ज: 'त्या कठड्याविषयी तुम्ही कौन्सिलच्या माणसांनी एकमेकांना जे काही लिहिलं असेल, ते सगळं मला द्या.'

थोरानं कॉम्प्युटरवर 'धक्का' शोधलं, 'कठडा' शोधलं, 'हेडल' शोधलं. मूठभर कोरडे मेल निघाले: पत्र मिळालं, पुढे पाठवलं, फाइलला लावलं. कायद्यानं एवढ्यावर अर्ज मिटवता आला असता, निदान तसं दाखवता तरी आलं असतं. पण थोराला ठाऊक होतं की खरा माल दुसऱ्याच शब्दाखाली पडलाय.

झालं होतं असं. आमच्याकडे कुणाच्या दारात जाऊन एकदम गाऱ्हाणं मांडत नाहीत, आधी हवापाण्याचं बोलतात. मिसेस हेडल पत्रंही तशीच लिहायच्या. वारा ईशान्येचा आहे, गारठा फार, बटाटे अजून जमिनीतच, मेंढ्या आडोशाला उभ्या. असं पानभर झालं की मग कठडा. एकदा चहाच्या वेळी थोरानं टपालात आलेलं असलं एक पत्र त्यांच्याच आवाजात वाचून दाखवलं आणि म्हणाली, "ऐका हो, आपल्या हवामान खात्याचा अंदाज आलाय!" सगळे हसून बेजार. तेवढ्यावर थांबली असती तर ठीक, पण मजेमजेत तिनं तोच मथळा देऊन पत्र अभियंत्यांकडे पाठवलं. नाव चिकटलं. त्यानंतर धक्का, कठडा, हेडल असलं कुणी लिहीनासंच झालं; नुसतं 'हवामान खातं'. कॉम्प्युटर बिचारा गाढव, सांगाल तेच शोधणार.

तिचा साहेब कॉलिन मॉवॅट दारात डोकावला. "मिटलं का ते धक्क्याचं?"

"एक शब्द शोधायचा राहिलाय."

"कुठला?"

"सोंग नको घेऊ, कॉलिन. माहितीय तुला."

त्यानं आत येऊन दार लावलं. "अगं, अर्जात आहे का तो शब्द? नाही ना? मग कशाला उकरायचं? म्हातारीला त्रास, आपल्याला त्रास."

"अर्जात 'सगळं' लिहिलंय."

"आणि पहिल्या मेलवर नाव कुणाचं आहे, बाईसाहेब? तेही लिहिलंय का?"

कॉलिन वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस समोरच्याची दुखरी नस बरोबर पकडतो. त्या आठवड्यात थोरानं धुतलेलेच कप पुन्हा धुतले, घरचं कपाट दोनदा उपसलं, नवरा बोलायला लागला की खोलीबाहेर गेली. भूक नाही, झोप नाही. पाहिजे तेव्हा नेमकं विसरायला होत नाही.

शनिवारी दुकानात मिसेस हेडल समोरच आल्या. टोपलीत एक पाव, एकाच माणसापुरतं लोणी. थोरानं वळायच्या आत त्यांनी तिची बाही धरली.

"पोरी, घाई नाही हं माझ्या कागदांची. मला कुणाला कोर्टात नाही ओढायचं. मला एवढंच बघायचंय, की माझं लिहिणं कुणाला कळलं होतं का. मी फार पाल्हाळ लावते ना. डेव्ही म्हणायचा, मुद्द्याचं आधी लिही गं. नाही लिहिलं मी. आता आडवी झाले की मनात तेच पत्र पुन्हा पुन्हा लिहिते, नीट, मुद्द्याचं."

"लेखी कळवू," थोराच्या तोंडून निघून गेलं. सवयच ती. या वेळी दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

सोमवारी तिनं कोट न काढताच तो शब्द शोधला. पडदा भरून मेल आले. अभियंत्यानं लिहिलं होतं: 'हवामान खात्याचं म्हणणं, आता खालचा खांबही सुटलाय, कुणीतरी जाणार. जाऊन पाहिलं. बाई बरोबर सांगतेय.' खाली कॉलिनचं उत्तर: 'या वर्षी जमणार नाही. हवामान खात्याला गोड पत्र पाठवा.' आणि सगळ्यांत आधीचा मेल थोराचा, तीन हसऱ्या चेहऱ्यांसकट.

तिनं सगळे छापले. मग नावांवर काळी पट्टी मारायला बसली. नियम असा, की वरिष्ठांची नावं उघडी राहतात, खालच्या कर्मचाऱ्यांची झाकतात. कॉलिन उघडा राहिला. थोरा झाकली गेली. तिनं काही लबाडी केली नव्हती. नियमच तिच्या बाजूनं होता. कॉलिननं सोबतच्या पत्रावर सही केली, पण पुढे महिनाभर तिच्याशी बोलला नाही.

पाकीट गेलं. आता सुटले, असं वाटायला हवं होतं. उलट जिवाची तगमग वाढलीच. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मिसेस हेडलच्या दारात उभी राहिली.

कागद स्वयंपाकाच्या टेबलावर पसरलेले होते. मिसेस हेडलनी चष्मा काढला.

"ये. चहा ओतू?"

"नको."

"वाचलं मी. दोनदा वाचलं." त्यांनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "ही पट्टी कुणाची गं? नाव ठेवणारा कोण?"

"मी," थोरा म्हणाली. "नाव मीच ठेवलं. तुमचा आवाज काढून पत्र वाचून दाखवलं तेही मीच."

थोरा उभीच. आता मिसेस हेडल मला बाहेर काढणार, असं तिला वाटलं, आणि तिला तेच हवं होतं.

"म्हणजे वाचलं होतं तुम्ही," मिसेस हेडल म्हणाल्या. "पार खांबापर्यंत वाचलं होतं."

"हो."

"कळलं होतं तुम्हाला."

"सगळं कळलं होतं, मिसेस हेडल. तुम्ही स्पष्टच लिहिलं होतं."

म्हातारीनं टेबलाची कड धरली, तिचे खांदे हलायला लागले. "अगं, मला वाटत होतं, मीच मारलं डेव्हीला. माझ्या लिहिण्यानं मारलं." तिनं थोराचा हात ओढून घेतला आणि तो गालाशी धरून रडू लागली. "बरं केलंस बाई आलीस. फार बरं केलंस."

थोराला तो हात सोडवून पळून जायचं होतं. "नका ना असं बोलू. मला शिव्या द्या हो."

"देईन," मिसेस हेडल रडता रडता म्हणाल्या. "उद्या ये, पोटभर देईन. आज मला रडू दे."