उताणा ससा

आमच्या सशाला मांडीवर उताणं केलं की तो लगेच शांत व्हायचा. पाय वर, डोळे उघडे, हालचाल नाही. आल्यागेल्याला दाखवताना यांना कोण कौतुक! "बघा, किती विश्वास आहे माझ्यावर!"

काल त्याची नखं कापायला आम्ही दोघं गेलो, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं उताणं नका करू हो. तो शांत नसतो. सुटका नाही असं वाटलं की ससा भीतीने मेल्यासारखा पडून राहतो."

घरी येईपर्यंत मला फसवल्यासारखं वाटत राहिलं. त्या मऊ पोटाआड काळीज धडधडत होतं आणि आम्ही हसत फोटो काढत होतो. बाहेरून बघणाऱ्याला भीती आणि समाधान इतकं सारखं दिसावं?

डॉक्टरांचं बोलणं यांनीही ऐकलं होतं. तरी आज पाहुणे आले आणि ससा पुन्हा यांच्या मांडीवर उताणा.

"अहो, नको ना," मी चहा घेऊन येता येता म्हणाले.

हे पाहुण्यांकडे बघून हसले. "आमची हीसुद्धा अशीच शांत. इतक्या वर्षांत कधी आवाज चढवला नाही."

मी ट्रे खाली ठेवला आणि ससा उचलून घेतला. सरळ होताच त्याने माझ्या पोटात सणसणीत लाथ मारली.

मला फार बरं वाटलं.